मधल्या थराची भाषा

डेटाबेसशी बोलणारा मधला थर कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा, हा विषय निघाला की चर्चा हमखास वेगावर जाते. कोणती भाषा सेकंदाला किती विनंत्या उरकते, कोणाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत मिळवणारी यंत्रणा, मध्येच किती खोळंबा करते, यांचे तक्ते पडद्यावर येतात आणि तासाभराने प्रत्येक जण आपल्या आवडत्या भाषेपाशीच परत पोचलेला असतो. जळगावात बसून जिनिंग, दालमिल आणि केळीचे व्यापारी यांच्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या लहानशा कार्यालयातही काही वेगळे घडले नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस ठरलेला होता, तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये राहणार हेही ठरलेले होते. चोपडा, शिरपूर, दोंडाईचा आणि शहादा इथल्या गिऱ्हाइकांची यंत्रे आणि तो डेटाबेस यांच्यामध्ये कोण उभे राहणार, एवढेच ठरायचे होते.

वेगाचा मुद्दा मी आधी निकालात काढतो, कारण तो जेवढा गाजतो तेवढा या कामात मोठा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि जळगाव ते मुंबई हे अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी एका प्रश्नाला जाऊन यायला ४ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही आणि वाटेत राउटर असतात, त्यामुळे वेळ त्याहून जास्तच लागतो. त्यानंतर डेटाबेस डिस्कवर लिहिणार आणि मग उत्तर देणार. एवढ्या वाटेत मधल्या थराची भाषा जी बचत करते ती मायक्रोसेकंदांत मोजायची असते. मधला थर आयुष्यातला बहुतेक वेळ वाट पाहण्यात घालवतो, आणि वाट पाहण्याचे काम सी भाषेत केले म्हणून लवकर संपत नाही.

मग या थराचे खरे काम कोणते? पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस (चालता प्रोग्राम) उभी करतो. नवे कनेक्शन उघडायचे म्हणजे नेटवर्कवर जोडणी करणाऱ्या टीसीपीची ओळखपरेड, त्यावर संवाद गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसची बोलणी, मग पासवर्डची स्क्रॅम पद्धतीची तपासणी, आणि त्यानंतर नवी प्रोसेस. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून मिळू लागलेल्या या तपासणीत पासवर्डवर हॅशची (उलट न फिरवता येणारा ठसा काढण्याची) क्रिया साधारणपणे ४,०९६ वेळा होते, आणि चोराला ती महाग पडावी म्हणून मुद्दामच तशी ठेवली आहे. एवढे सगळे एका पावतीसाठी करून कनेक्शन मोडून टाकणे परवडत नाही, म्हणून मोजकी कनेक्शने उघडून ठेवायची, मागेल त्याला उसनी द्यायची आणि काम झाले की परत घ्यायची, या व्यवस्थेला पूल म्हणतात. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनांची आहे. ती वाढवता येते, पण वाढवून फायदा होतोच असे नाही, कारण प्रोसेसरचे कोअर आणि डिस्क वाढलेली नसते. जिनिंगच्या फाटकात ट्रॅक्टर कितीही उभे असले तरी काट्यावर एका वेळी एकच चढतो, आणि दोन चढवले तर दोघांचेही वजन चुकते. पोस्टग्रेसच्या लोकांमध्ये जुना ठोकताळा असा आहे की कोअरच्या संख्येची दुप्पट करावी, त्यात डिस्कच्या चकत्यांची संख्या मिळवावी आणि पूल तेवढाच ठेवावा. आठ कोअरच्या यंत्राला हा आकडा विशीच्या आत-बाहेर येतो, आणि पाचशे कनेक्शनांची तयारी करून आलेल्या माणसाला तो ऐकून अपमान झाल्यासारखे वाटते.

गो भाषेच्या मूळ डेटाबेस पॅकेजात या बाबतीत एक गंमत आहे. तिथे कनेक्शनांना कमाल मर्यादा आपण घातली नाही तर मर्यादाच नसते, आणि रिकामी ठेवायची कनेक्शने मात्र दोनच धरलेली असतात. हंगामात एकदम गर्दी उसळली की ते पॅकेज भराभर कनेक्शने उघडते, गर्दी ओसरली की भराभर मोडते, आणि मध्येच पोस्टग्रेस माफी मागून आता आणखी कोणाला घेता येत नाही असे कळवतो. जावातला हिकारी नावाचा पूल उलट टोकाला आहे, तो मुळात दहाच कनेक्शने देतो आणि अकराव्याला तीस सेकंद थांबवून मग नकार देतो. दोन्ही आकडे बदलणे एका ओळीचे काम आहे. तरीही मला दुसरी सवय जास्त शहाणपणाची वाटते, कारण कोणी काहीच ठरवले नाही तेव्हा यंत्रणा कशी वागते यावरून तिचा स्वभाव कळतो.

खरी परीक्षा लाइन जाते तेव्हा असते. खानदेशात लाइट जाणे ही बातमी नाही. नोव्हेंबरात कापसाचा हंगाम ऐन भरात असताना दुपारी लाइट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत काट्याजवळच्या खोलीतला राउटर बंद पडतो, आणि संगणक मात्र यूपीएसवर चालू राहतो. आमच्या आधीच्या रचनेत गिऱ्हाइकाचे यंत्र थेट डेटाबेसला जोडलेले असे. राउटर बंद पडला त्या क्षणी मुनीमजी एका शेतकऱ्याच्या खात्यात उचल नोंदवत असतील, तर तो ट्रान्झॅक्शन, म्हणजे पूर्ण तरी व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये असा नोंदींचा गठ्ठा, अर्धा उघडा राहतो आणि त्या खात्याच्या ओळीवर लॉक, म्हणजे इतरांना ती बदलू न देणारे कुलूप, लागलेले राहते. मुंबईतल्या सर्व्हरला यातले काहीच कळत नाही, कारण टीसीपीच्या लेखी दुसरी बाजू गप्प असणे आणि दुसरी बाजू मेलेली असणे यांत फरक नसतो. लिनक्स अशा गप्प कनेक्शनला मुळात ७,२०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन तास हात लावत नाही, आणि तेही कीप-अलाइव्ह, म्हणजे गप्प बाजूला हाक मारून पाहण्याची सोय, चालू असेल तर. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा हाक मारून पाहतो आणि मग कनेक्शन मोडतो. हे सगळे मिळून २ तास ११ मिनिटे होतात. तेवढ्या वेळात लाइट आलेली असते, राउटर चालू झालेला असतो, मुनीमजी नव्या कनेक्शनवरून तेच खाते उघडू पाहतात आणि पडदा गोल गोल फिरत राहतो. फोन येतो, "भाऊ, पावती निंघत नही." इकडे सर्व्हरच्या चालू प्रोसेसच्या यादीत एक ओळ दिसते, तिची अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडा ठेवून स्वस्थ बसलेली, असते, शेवटची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पाऊण तासापूर्वीची असते, आणि तिच्याखाली तेच लॉक मागत ताटकळलेल्या चार-पाच ओळी असतात. वरची एक ओळ मारली की खालच्या सगळ्या एका दमात पुढे सरकतात.

मधला थर घातल्यावर ही जबाबदारी त्याच्याकडे येते, आणि इथे भाषांमधला फरक पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसू लागतो. मुद्दा असा आहे की एका विनंतीला दिलेली मुदत तिच्याबरोबर शेवटपर्यंत प्रवास करते का. गोमध्ये कॉन्टेक्स्ट नावाची वस्तू असते, ती एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे हातोहात दिली जाते, आणि २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून डेटाबेसच्या पॅकेजातही ती चालते. मुदत संपली की क्वेरी रद्द होते, ट्रान्झॅक्शन मागे घेतला जातो आणि कनेक्शन मोकळे होते. मी पाहिलेल्या भाषांमध्ये ही सोय इतकी सरळ दुसऱ्या कोणी केलेली नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. जावात मुदती ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत. पुलातून कनेक्शन मिळण्याची मुदत वेगळी, स्टेटमेंटची, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेची, वेगळी आणि सॉकेटची, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाची, वेगळी. त्यातही जावाला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमध्ये सॉकेटची मुदत मुळात शून्य असते, आणि इथे शून्य म्हणजे अनंतकाळ; कीप-अलाइव्हही मुळात बंद असते. ज्याला हे माहीत नाही त्याचा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) मेलेल्या सॉकेटवर कान लावून बसून राहतो. रस्ट या भाषेत अर्ध्यावरचे काम नुसते टाकून देता येते, आणि टाकलेले काम तिथेच थांबते. ही कल्पना सुरेख आहे, पण पोस्टग्रेसचे उत्तर तारेवर अर्धे आलेले असताना काम टाकले तर ते कनेक्शन पुढच्या माणसाला देण्याआधी उरलेले अर्धे उत्तर कोणीतरी वाचून संपवावे लागते, आणि ते कोणी करायचे याची काळजी लायब्ररी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर येते.

याच्याच जोडीचा प्रश्न म्हणजे उसने घेतलेले कनेक्शन परत करणे. मेमरी परत करण्याची काळजी गार्बेज कलेक्टर घेतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्याला मेमरीची टंचाई कळते, कनेक्शनांची टंचाई कळत नाही. चार जीबी मेमरी मोकळी असताना विसावे कनेक्शन हरवले तरी त्याला घाई करण्याचे कारण दिसत नाही. म्हणून प्रत्येक भाषेने परतफेडीची आपापली रीत काढली आहे. पायथनमध्ये विथचा ठोकळा आहे, गोमध्ये डिफर आहे, जावात २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. या तिन्ही रीती चांगल्या आहेत आणि तिन्ही विसरता येतात. गोमध्ये तर क्वेरीच्या ओळी वाचता वाचता मध्येच रिटर्न केले आणि त्या ओळींचा संच बंद करायचा राहिला, तर कनेक्शन त्या संचापाशीच अडकून पडते, आणि कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

रस्टमध्ये ते विसरणे जवळजवळ अशक्य आहे. वस्तूची मालकी संपली की तिची आवराआवर करणारा ड्रॉप आपोआप चालतो, आणि वापरून झालेले कनेक्शन पुन्हा वापरायला गेलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. आमच्याकडचा एक तरुण सहकारी रस्टवर जीव टाकतो. तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही जे कोड तपासताना डोळ्यांत तेल घालून शोधता, ते इथे कंपायलर फुकटात शोधून देतो." त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्याने दाखवलेला नमुनाही नेटका होता. फक्त त्या नमुन्यात ट्रान्झॅक्शन मागे घेण्याचे काम ड्रॉपवर सोपवलेले होते. मागे घेणे म्हणजे सर्व्हरला निरोप पाठवून उत्तराची वाट पाहणे, आणि रस्टच्या ड्रॉपला अशी असिंक, म्हणजे इतर कामे न अडवता, वाट पाहता येत नाही. लायब्ऱ्या यावर तोडगा काढतात, रोलबॅकचा, म्हणजे मागे घेण्याचा, निरोप रांगेत ठेवतात आणि कनेक्शनच्या पुढच्या वापराआधी तो पाठवतात. काम भागते, पण जे कंपायलर सांभाळतो असे वाटत होते ते पुन्हा लायब्ररीच्या शिस्तीवर येऊन ठेपते. हिकारीत हेच काम जुन्या वळणाने होते. कनेक्शन परत आले की अपुरा ट्रान्झॅक्शन मागे घेतला जातो, बदललेली आयसोलेशनची (एकाच वेळी चालणारे ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची) पातळी पूर्ववत होते, आणि ठरवलेल्या वेळेत कनेक्शन परत आले नाही तर ते कोणत्या ओळीवर उसने घेतले होते त्याचा माग लॉगमध्ये छापता येतो. ही शेवटची सोय ज्याने हंगामात एकदा वापरली आहे तो ती सोडायला तयार होत नाही.

आता पैशाबद्दल, आणि इथे मी थोडा हट्टी आहे. २३.४५ क्विंटल कापूस ७,२१५ रुपये भावाने घेतला तर १,६९,१९१ रुपये ७५ पैसे होतात. त्यातून हमाली आणि तोलाई वजा होते, आधी दिलेली उचल वळती होते, आणि अशा हजारो पावत्यांची बेरीज वर्षअखेरीला सीएच्या टेबलावर जाते. पोस्टग्रेसमध्ये यासाठी न्यूमेरिक हा प्रकार आहे आणि तो पैसा न पैसा नेमका ठेवतो. डेटाबेसमधून बाहेर पडल्यावर मात्र हा आकडा मधल्या थराच्या भाषेत ओतावा लागतो, आणि भांडे चुकीचे असेल तर तो तिथे सांडतो. जावास्क्रिप्टमधली नेहमीची संख्या फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजाने ठेवणारी, असते, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी निघते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर म्हणूनच न्यूमेरिक आकडा मुद्दाम मजकूर म्हणून हातात देतो. मग कोणीतरी घाईत त्याची संख्या करतो आणि ड्रायव्हरने घेतलेली खबरदारी वाया जाते. गोच्या मूळ लायब्ररीत नेमक्या दशांश संख्येचा प्रकारच नाही, तो बाहेरून आणावा लागतो, आणि न्यूमेरिक आकड्याला फ्लोटचे भांडे दिले तर पॅकेज तो निमूटपणे त्यात ओतते. पायथनचा ड्रायव्हर आपणहून डेसिमल देतो, ते मला फार आवडते. जावात बिग डेसिमल १.१ आवृत्तीपासून आहे, लिहायला कंटाळवाणे आहे, आणि २.० व २.०० हे त्याच्या समानतेच्या कसोटीवर वेगळे ठरतात, हा त्याचा विचित्रपणा नव्या मुलांना एकदा समजावून सांगावा लागतो. पण शिस्तीने वापरले तर त्यात पैसा हरवत नाही. ज्या धंद्यात शेतकरी पावती हातात घेऊन मोबाइलवर आकडेमोड करून पाहतो, तिथे मला हा गुण वेगाच्या दहा तक्त्यांपेक्षा वजनदार वाटतो.

पुढचा प्रश्न मनुष्यबळाचा होता, आणि तो तांत्रिक नाही म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझे पटत नाही. आमच्या भागातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले जावा शिकून येतात. त्यांतली चांगली मुले दोन-तीन वर्षांत पुण्याला जातात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही; पण त्यामुळे आज लिहिलेला थर तीन वर्षांनी वेगळाच माणूस उघडून बसणार, हे इथे गृहीत धरूनच चालावे लागते. रस्टचे मालकीचे नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि ज्याच्या अंगवळणी ते पडले त्याला पुण्यात थांबवून ठेवणारे पगार आम्ही देऊ शकत नाही. गो शिकायला सोपी आहे, महिनाभरात हात बसतो. तरीही ती नव्याने शिकवावी लागली असती, आणि जावा शिकवावी लागणार नव्हती.

सीचा विचार आम्ही केलाच नाही असे नाही. पोस्टग्रेस स्वतः सीमध्ये आहे, त्याची मूळ क्लायंट लायब्ररी सीमध्ये आहे, आणि पीजीबाउन्सर हा प्रसिद्ध पूलही सीमध्येच लिहिलेला आहे. पण २०१४ मध्ये ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा एका लांबीची तपासणी राहून गेल्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला भलताच मजकूर बाहेर जाऊ शकत होता हे जगाने पाहिले, आणि तो कोड वर्षानुवर्षे सीच करत आलेल्या माणसाच्या तपासणीतून गेलेला होता. नेटवर्कवरून येणारे अनोळखी बाइट उलगडणारा नवा कोड आज सीमध्ये सुरू करावा, असे मला कोणत्याही पगारावर वाटणार नाही.

यातूनच एक वेगळा प्रश्न पुढे आला, की पूल आपण लिहायचाच कशाला. पीजीबाउन्सर घ्यावा, त्याला ट्रान्झॅक्शनच्या पद्धतीवर ठेवावे, आणि आपण फक्त मुदती, आकडे व चुकांचे निरोप सांभाळावेत. हा विचार बरोबर होता आणि आम्ही तो अर्धाच स्वीकारला. ट्रान्झॅक्शनच्या पद्धतीत प्रत्येक ट्रान्झॅक्शनला वेगळे कनेक्शन मिळू शकते, आणि जावाचा ड्रायव्हर तर एकच क्वेरी पाच वेळा चालली की तिचे नाव ठेवून ती सर्व्हरवर तयार स्वरूपात जपतो. ते नाव एका कनेक्शनवर असते आणि पुढची विनंती दुसऱ्यावर जाते. २०२३ च्या १.२१ आवृत्तीत पीजीबाउन्सरने ही अडचण बरीचशी सोडवली, तरी आमच्यासारख्या एकाच थराच्या रचनेत आणखी एक सर्व्हर सांभाळण्याइतका फायदा दिसेना. पूल हिकारीचा ठेवला.

म्हणजे शेवटी जावाच ठरली. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड, हेही त्यामागचे एक मोठे कारण होते. एरवी ताटकळणारा प्रत्येक थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमवर ओझे टाकत असे, म्हणून लोक कॉलबॅकच्या, म्हणजे काम झाल्यावर परत हाक मारण्याच्या, आडवळणाने कोड लिहीत आणि मग तो कोणालाच वाचता येत नसे. आता साधा, वरून खाली वाचता येणारा कोड लिहून हजारो विनंत्यांना स्वस्तात वाट पाहायला लावता येते. २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या) ठोकळ्याच्या आत वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खऱ्या थ्रेडला खिळून राहतो, ही उणीव होती. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरने ते ठोकळे बदलून साधी कुलपे वापरायला सुरुवात केली, आणि जावा २४ मध्ये ती उणीव मुळातूनच काढली गेली. मुदती आम्ही एका जागी गोळा केल्या. प्रत्येक विनंती आपल्याबरोबर शेवटची वेळ घेऊन येते, तिच्यावरून स्टेटमेंटची मुदत काढली जाते, सॉकेटची मुदत त्याहून थोडी जास्त ठेवली जाते आणि कीप-अलाइव्ह चालू असते. गो वापरली असती तर हे आयते मिळाले असते. त्याशिवाय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये असलेली, पण मुळात बंद ठेवलेली, उघड्या ट्रान्झॅक्शनच्या निष्क्रियतेची मुदतही सर्व्हरवर चालू केली, म्हणजे मधला थरच कोसळला तरी लॉक लोंबकळत राहणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही भाषेने सुटत नाही. मधल्या थराने कमिटचा, म्हणजे नोंद कायम करण्याचा, निरोप पाठवला आणि उत्तर यायच्या आत तार तुटली, तर पावती नोंदली गेली की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. रस्टचा कंपायलर इथे गप्प असतो, गोची मुदत संपून जाते, जावा एक्सेप्शन फेकते, आणि तिन्हींच्या हाती सारखीच शंका उरते. पुन्हा पाठवावे तर उचल दोनदा नोंदली जाण्याची भीती, न पाठवावे तर एकदाही न नोंदली जाण्याची. म्हणून पावतीचा ओळख क्रमांक आता काट्यावरचाच संगणक तयार करतो, आणि पोस्टग्रेसच्या टेबलात त्या क्रमांकावर युनिक (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारे) बंधन आहे. शंका आली की मधला थर तीच नोंद त्याच क्रमांकाने बिनदिक्कत पुन्हा पाठवतो. पहिली नोंद झालेली नसेल तर ती आता होते; झालेली असेल तर डेटाबेस ती नाकारतो आणि थर जुनीच पावती वाचून परत देतो, आणि तिकडे मुनीमजींच्या प्रिंटरवर एकच पावती निघते.